तानुबाईने विकत घेतलेला नवरा

वरवट बकालच्या खालच्या अंगाला, पूर्णेकडे उतरत जाणाऱ्या काळ्या सपाटीवर भोनखेड नावाचं गाव होतं. तिथल्या विहिरींना पाणी भरपूर. नवख्या माणसाने पोहरा ओढावा, पाणी कसं नितळ म्हणून कौतुक करावं, ओंजळ तोंडाला लावावी आणि मग थू थू करत भोवतालच्या लोकांकडे बघावं, ही त्या गावची जुनी करमणूक होती. पाणी खारं. थोडंथोडकं नव्हे, अंगावर वाळलं की कातडीवर पांढरी रेघ उमटावी इतकं. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं आणि कारभाराला नागपूरचं होतं. पाण्याची तक्रार घेऊन नेमकं कोणाच्या दारात उभं राहावं हे भोनखेडला कधी कळलं नाही. कळलं असतं तरी साहेबाने विहिरीत डोकावून, पाणी तर आहे, असं म्हणून घोडा वळवला असता.

तानुबाई या गावात लग्न होऊन आली ती परकर सांभाळायच्या वयात. तिचं माहेर पिंपळडोह, सातपुड्याच्या पायथ्याला. भोनखेडपासून दहा कोस. दहा कोस म्हणजे काही विलायत नव्हे, पहाटे गाडी जुंपली तर दिवस कलायच्या सुमाराला पोचते. पण पिंपळडोहला घरामागून नदी वाहायची आणि तानुबाई लहानपणी झोपायची ती पाण्याच्या आवाजात. भोनखेडला आल्यावर पहिले कित्येक दिवस तिचा डोळाच लागेना. इथे एवढं गप्प का आहे, हे तिला कोणाला विचारताही येईना.

सासूने पहिल्यांदा चुलीपुढे बसवलं तेव्हा तिने अंबाडीची भाजी केली आणि आईने शिकवल्याप्रमाणे अंदाजाने मीठ घातलं. भाजी विहिरीच्या पाण्यात शिजलेली. सासरा पहिला घास घेऊन ताटावरून उठला आणि परसात गेला तो बराच वेळ आलाच नाही. सासूने मिठाचं गाडगं तिच्या हातातून काढून घेतलं.

"अवं, इथलं मीठ विहिरीत हाय," ती म्हणाली. "गाडग्यात हात नोको घालू."

ते गाडगं फळीवर गेलं आणि त्यानंतर फक्त लोणच्याच्या दिवसांत खाली येऊ लागलं. वर्षा-दोन वर्षांत तानुबाईच्या हाताची सवय अशी मोडली, की स्वयंपाकात मीठ घालायचं असतं हेच तो हात विसरला. डाळ मात्र त्या पाण्याला दाद देत नसे. दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाणा आपला निबरच. त्यामुळे भोनखेडात वरण कोणी करत नसे. भाजी आणि बेसन, बेसन आणि भाजी. माहेरचं पिवळंधमक वरण तानुबाईला पुढे बरीच वर्षं स्वप्नात दिसायचं.

प्यायचं पाणी नाल्यातलं. नाला आटला की बायका वाळूत खड्डा करत, त्याला झिरा म्हणत. झिऱ्यात पाणी वाहत येत नाही, पाझरत येतं. करवंटीभर साचलं की अलगद काढायचं, घागरीत ओतायचं आणि पुन्हा वाट बघायची. तेही पाणी गोड नव्हतं, पण घशाखाली उतरायचं. एक घागर भरायला सकाळ जायची.

भोनखेडचे पुरुष या कष्टाबद्दल मोठ्या कळवळ्याने बोलत. बायका गप्प बसत, आणि त्याला कारण होतं. उठल्यापासून पाठ टेकेपर्यंत त्या गावात बाईला हात रिकामे ठेवून बसायची सोय नव्हती. बसता यायचं ते फक्त झिऱ्यावर. तिथे सासू नाही, जातं नाही, हाक नाही. पाणी आपल्या चालीने येतं, त्याला कोणी घाई करू शकत नाही. अशा वेळी बाई नुसती खड्ड्याकडे बघत बसते. वाळूच्या कणाकणांतून ओल फुटते, थेंब थेंबाला मिळतो, तळाशी आभाळाचा एवढासा तुकडा दिसायला लागतो, आणि बघणारीच्या पापण्या जड होतात. तानुबाई उघड्या डोळ्यांनी तिथून पिंपळडोहला जाऊन यायची. कधी नदीत पाय सोडून बसायची, कधी आंब्याच्या झाडाखाली आईकडून वेणी घालून घ्यायची. उन्हाळ्यात तर समोरची सगळी सपाटी मृगजळाने भरून जायची, आणि त्या खोट्या पाण्यातून माहेरची गाडी येताना दिसायची. सगळ्या गावात तिच्याइतकी स्वप्नाळू बाई नव्हती, आणि तिच्याइतकी नेटकी घागर भरणारीही नव्हती.

शेजारच्या झिऱ्यावर चांदबी असायची, नजीर पिंजाऱ्याची बायको. दोघींचं जमायचं. एकदा चांदबीने एक गोष्ट सांगितली ती तानुबाईच्या मनात रुतून बसली.

"आमच्यात सांगतात, अल्लाची जमीन लय मोठी हाय," चांदबी म्हणाली होती. "एका जागी जीव जात असन तं दुसऱ्या जागी जावं. पण आमचा म्हतारा सासरा म्हनते, जीव जानं येगळं अन् जीव कटाळनं येगळं. कटाळला म्हनून गाव सोडू नये. आता आपलं यातलं कोन्तं, ते मले समजून नाही राह्यलं."

तानुबाईलाही ते समजलं नाही. पुढे कापसाचा भाव पडला, पिंजाऱ्याचं काम बसलं आणि नजीरने बिऱ्हाड खामगावला हलवलं. जाताना चांदबी रडली नाही, तानुबाईच रडली. त्यानंतर शेजारचा झिरा वाळूने भरून गेला.

जीव जात होते, हे मात्र खरं. तानुबाईची दोन लेकरं दात यायच्या आत गेली. त्यांना नाल्यापलीकडे बाभळीखाली ठेवलं होतं. तिसरा निवृत्ती. तो जगला, पण त्याची आई कितीतरी वर्षं त्याच्या श्वासावर हात ठेवून झोपायची. नवऱ्याला मुतखड्याने धरलं होतं. दर उन्हाळ्यात तो अंगणात गडाबडा लोळायचा आणि ती हुलग्याचा काढा करून त्याच्या तोंडाला लावायची. त्या काढ्यालाही पाणी तेच.

नवऱ्याचं नाव उकंडराव. राव हे वयाने चिकटलं, मूळ नाव उकंडा, आणि त्या नावामागे एक हकिकत होती. त्याच्या आधीची भावंडं एकामागून एक गेली होती. म्हणून हा जन्मला तसा सुईणीने त्याला गावच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, म्हणजे हे टाकलेलं पोर आहे, कोणाचं नाही, असं समजून काळ पुढे निघून जावा. ही रीत पुष्कळ ठिकाणी आहे. पण इतर गावांत टाकलेलं मूल आई सुपभर ज्वारी देऊन परत विकत घेते. भोनखेडात तसं करत नसत. परत घेतलं की काळाला पत्ता लागतो, असं तिथलं म्हणणं. त्यामुळे उकंडाला आईने वाढवला तो दुसऱ्याचा म्हणूनच. पोर जगलं. तेव्हापासून गावात प्रत्येक जण त्याला आपला म्हणायचा, आणि तो प्रत्येकाच्या अडीनडीला धावायचा. विहिरीत पोहरा पडला, उकंडा. कोणाचं छप्पर उडालं, उकंडा. नेक माणूस, आणि नेक माणसाशी संसार करणं किती अवघड असतं ते त्याच्या बायकोला विचारावं.

निवृत्तीचं लग्न झालं. सून गीताबाई जवळच्याच गावची, खाऱ्या पाण्यावर वाढलेली, सोशिक. तिचं पहिलं बाळ वैशाखात गेलं. त्या दिवशी बाभळीखाली तिसरा लहानसा खड्डा झाला, आणि तानुबाईला झिऱ्याचा खड्डा आणि हा खड्डा वेगळा दिसेना. दुसऱ्या वर्षी गीताबाईला पुन्हा दिवस गेले. चैत्रात मोकळी होणार होती. चैत्र म्हणजे पुन्हा उन्हाळा.

त्याच साली नाला दिवाळीलाच आटला. तानुबाईचा भाऊ इंद्रभान पिंपळडोहला होता. त्याने निरोप पाठवला, की तिथले उत्तमराव देशमुख एक शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, देतात, रिकामं घरही आहे, या. निवृत्ती एका पायावर तयार झाला. भोनखेडची जमीन अशीही चोपण, पाऊस पडला की चिखल आणि उघडला की दगड. ती भावकीत कोणी कसली असती. पण उकंडरावने मान हलवली. बापलेकांत दोन दिवस बोलाचाली झाली, मग निवृत्ती म्हणाला की बाळ इथे जन्मणार नाही, तुम्ही या नाहीतर राहा. तो उठून गोठ्यात गेल्यावर घरात दोघंच उरली.

"दुख हाय म्हणून गाव सोडाचं तं मंग दुनियात गाव कोन्तं राहीन?" उकंडराव म्हणाला. "मी या गावच्या उकिरड्याचा पोट्टा आहो. गावानं ठिवलं म्हणून राह्यलो. अन् ते आपले, तिकडं बाभळीखाली. त्याहीले टाकून जाऊ?"

तानुबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"गेलेल्याहीले पाणी लागत नाही," ती म्हणाली. "येनाऱ्याले लागते."

"मंग तू जाय त्याहीच्या संगं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने भांडून काहीतरी मिळवलं असतं.

आता आली का पंचाईत. सून जाणार, तिच्या बाळंतपणाला सासू हवी. नवरा राहणार, आणि उन्हाळ्यात तो अंगणात लोळायला लागला की काढा करून कोण देणार? ज्या पिंपळडोहला ती इतकी वर्षं झिऱ्यावरून रोज जाऊन यायची, तिथे खरंच जायची वेळ आली, तर तिचे पाय इथे अडकले. चांदबीच्या म्हाताऱ्याचं बोलणं तिला आठवत राहिलं. जीव जाणं आणि जीव कंटाळणं. आपला तर जीव तुटतो आहे, हे तिसरंच काहीतरी आहे, असं तिला वाटलं. म्हाताऱ्याने याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी ती झिऱ्यावर बसली. थंडीचे दिवस, नाल्यावर धुकं. पलीकडची बाभूळ दिसत नव्हती, गाव दिसत नव्हतं, फक्त खड्डा आणि ती. वाळूतून ओल फुटली. थेंब आला. दुसरा आला. तिने करवंटी गुडघ्यावर ठेवली आणि बघता बघता तिची मान झुकली.

पिंपळडोह होतं. घरामागची नदी, पण तिचा आवाज येत नव्हता. उकिरड्याशी आई उभी होती, हातात ज्वारीने भरलेलं सूप. आईचा पदर धरून तानुबाई स्वतः, एवढीशी. समोर सुईण, आणि तिच्या हातात चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी हलत होतं, तो इंद्रभान. आई म्हणाली, घेतला माय. सूप सुईणीच्या हातात गेलं. घेतला माय, घेतला. चिंधीतलं ते पोर आईच्या पदरात आलं आणि त्याबरोबर नदीचा आवाज सुरू झाला, इतका मोठा की तानुबाईच्या पायांना पाणी लागलं.

ती दचकून जागी झाली. झिरा काठोकाठ भरून तिच्या टाचांपर्यंत आला होता. हलवून उठवायला शेजारी चांदबी नव्हती. घागर भरून ती घरी गेली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. आमच्याकडे टाकलेलं पोर परत विकत घेतात, तिने सांगितलं. तुमच्या आईने घेतलं नाही. मी घेते.

उकंडराव दोर वळत होता. त्याने दोर खाली ठेवला. हसेल असं तिला वाटलं होतं, पण तो हसला नाही.

"अन् गाव देईन काय मले?" त्याने विचारलं.

माणूस गावातून अर्धा उठला आहे, हे तानुबाईच्या तेव्हाच लक्षात आलं.

ज्या सुईणीने त्याला उकिरड्यावर ठेवलं होतं ती केव्हाच वारली होती. तिची सून कौशल्याबाई आता गावची बाळंतपणं करायची. तानुबाईने तिच्याकडे जाऊन बोलणं केलं. कौशल्याबाई आधी तोंडाला पदर लावून हसली, मग म्हणाली, की हे कधी झालेलं नाही, पण होऊ नये असंही कोणी सांगितलेलं नाही.

पौषातल्या एका सकाळी सगळं भोनखेड उकिरड्याशी जमलं. उकंडराव अंघोळ करून, स्वच्छ पटका बांधून उकिरड्याच्या मधोमध मांडी घालून बसला. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या. थंडीत उकिरड्यातून वाफा निघत होत्या आणि धुकं अजून उतरलं नव्हतं, त्यामुळे तो जमिनीवर बसला आहे असं वाटतच नव्हतं. पोरंटोरं खिदळत होती. महादेवराव पाटलांना राहवलं नाही. तानुबाई, नीट पाहून घे बाप्पा, ते म्हणाले, याच्या दाढा गेल्या हायत, मागून तक्रार चालाची नाही. सगळे हसले. उकंडरावही हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग हसणं हळूहळू थांबलं.

तानुबाई पुढे झाली. हातात ज्वारीचं सूप, कमरेला घागर, कारण इथून ती तशीच झिऱ्यावर जाणार होती. तिने सूप पुढे केलं. कौशल्याबाईने ज्वारीत बोटं फिरवली आणि मान हलवली.

"ज्वारी पोट्ट्याची किंमत होय," ती म्हणाली. "हा तं गावानं एवढा मोठा वागवला." तिची नजर घागरीवर गेली. "झिऱ्यावर तुयी जागा रिकामी होईन. घागर राहू दे इथंच."

हे तानुबाईच्या ध्यानीमनी नव्हतं. ती घागर माहेराहून तिच्याबरोबर आलेली, पितळेची, घासून घासून कड पातळ झालेली. तिच्या कमरेला त्या घागरीचा खळगा पडला होता. पिंपळडोहच्या नदीत ती बुडवायची, एकदाच, गळ्यापर्यंत, आणि उचलायची, हे तिने झिऱ्यावर बसून हजारदा पाहिलं होतं. तिने घागर कमरेवरून काढली आणि कौशल्याबाईच्या पायाशी ठेवली. वर सूप ठेवलं.

"घेतला माय," ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला, तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. पोराला पदरात घ्यायचं असतं. तिने उकिरड्यावर चढून आपला पदर नवऱ्याच्या पटक्यावरून टाकला, आणि चारचौघांत नवऱ्याला असा हात लावताना तिला लाज वाटली नाही. उकंडराव उठला, सगळ्या गावाला हात जोडले आणि घराकडे चालू लागला. त्या दिवशी भोनखेडात एकाही घरी सकाळची चूल वेळेवर पेटली नाही.

दोन दिवसांनी गाडी भरली. निघायच्या वेळी उकंडराव विहिरीवर गेला आणि मोठा माठ भरून घेऊन आला. फडक्याने तोंड बांधलं, गवताच्या चुंबळीवर गाडीत बसवला. निवृत्तीने कपाळावर हात मारला. ज्या पाण्यापायी गाव सोडतो तेच पाणी घेऊन चाललो, लोक काय म्हणतील? उकंडराव वाटभर माठाला धरून बसला. बाभळीपाशी गाडी थांबली. तानुबाई खाली उतरली, हाताने माती सारखी केली आणि परत येऊन बसली. मिठाचं गाडगं फळीवरच राहिलं, ते कोणाला आठवलंही नाही.

पिंपळडोहला दुसऱ्या दिवशी उत्तमरावांना जेवायला बोलवायचं ठरलं. ज्याचं शेत कसायचं त्याला आपल्या हातचं खाऊ घालायचं, ही रीत. बरोबर गावातले दोघे-तिघे आणि इंद्रभान. तानुबाईने नदीचं पाणी आणलं आणि वरणाला डाळ टाकली. इतक्या वर्षांनी. भाकरीचं पीठ मळून होतं न होतं तोच तिने झाकण काढून बघितलं, तर डाळ विरघळून गेलेली. तिने गीताबाईला हाक मारली. गीताबाईने जन्मात डाळ अशी शिजलेली पाहिली नव्हती. दोघी सासू-सुना त्या पातेल्यात डोकावून पोरींसारख्या हसत सुटल्या.

दिवेलागणीला पानं वाढली. उत्तमरावांनी भाकर कुस्करली, वरण ओतून घेतलं, पहिला घास घेतला आणि त्यांचा हात जरा मंदावला. मोठा सभ्य माणूस. दुसरा घास घेतला, मिरचीचा ठेचा मागून घेतला, तर तोही तसाच. बाकीचे त्यांच्याकडे बघत मान खाली घालून जेवत राहिले. इंद्रभान पाणी घ्यायच्या निमित्ताने आत आला आणि बहिणीच्या कानाशी म्हणाला, "बाई, मीठ."

मीठ. तिने वरणात घातलं नव्हतं, भाजीत नाही, भाकरीत नाही, ठेच्यात नाही. घरातही नव्हतं. शेजारी मागायला जावं, तर दिवे लागले होते, आणि दिवे लागल्यावर मीठ कोणी कोणाला देत नाही. नव्या गावातलं पहिलं जेवण, ज्याच्या भरवशावर आलो तो पानावर, आणि अन्न अळणी. तिथल्या तिथे नदीत जाऊन बसावं असं तिला वाटलं.

बाहेर उकंडरावनेही घास घेतला होता. तो उठला, कोपऱ्यातल्या माठाचं फडकं सोडलं आणि तांब्या भरून घेतला. आत येऊन त्याने वरणाच्या पातेल्यात अंदाजाने पाणी ओतलं, पळीने हलवलं, जिभेवर थेंब घेऊन बघितला. मग पातेलं उचलून पंगतीत गेला आणि स्वतः सगळ्यांना वाढलं.

"आता बरोबर झालं," तो म्हणाला.

उत्तमराव जेवले, पुन्हा मागून जेवले. वरणात काय घातलं, त्यांनी विचारलं. आमच्या गावचं पाणी, उकंडरावने सांगितलं. "मंग असं पाणी सोडून काऊन आले बाप्पा?" उत्तमराव हसून म्हणाले. उकंडरावने आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

"काय करता," तो म्हणाला. "हिनं मले इकत घेतलं."

पंगत मोठ्याने हसली. दाराआड तानुबाई भिंतीला टेकून उभी होती. ती हसली की रडली हे तिलाही सांगता आलं नसतं.

चैत्रात गीताबाईला मुलगी झाली. गावच्या सुईणीने उकिरड्याचं विचारलं, तर आजोबांनी जोरात नको म्हटलं. पोरगी जगली, बाळसं धरलं, नदीच्या आवाजात झोपू लागली. उकंडरावचा मुतखडा दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत कुठे गेला ते कळलंच नाही. तानुबाईच्या हाताला मीठ पुन्हा शिकावं लागलं, कधी जास्त पडायचं, कधी राहून जायचं. आणि एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. नदीवर घागर एका बुडीत भरायची, त्यामुळे बसायला मिळत नसे. कधी कधी ती वाळूत हाताने खड्डा करून त्यात पाणी येताना बघत बसायची. डोळे मिटले की भोनखेड दिसायचं. इथून तिथे जाऊन यायची सवय तेवढी उलटी झाली होती. आपण केलं ते चूक की बरोबर, असं कधी मनात आलंच, तर ती घरात जाऊन नातीला बघून यायची. पण मनात यायचं, ते थांबलं नाही.

सात-आठ वर्षांनी उकंडराव थकला. दुखणं असं काही नव्हतं, माणूस विझत गेला. एका दुपारी त्याने डोळे उघडून पाणी मागितलं. तानुबाईने नदीचं ताजं पाणी तोंडाला लावलं. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. तिला समजलं.

माठ कोपऱ्यात होता, कधीचा रिकामा. टाकून द्यायचा राहिला, असं ती सगळ्यांना सांगायची. त्यातलं पाणी पाझरून आणि आटून गेलं होतं, पण आतून बुडाशी पांढरा थर धरला होता. तानुबाईने त्यात वाटीभर नदीचं पाणी ओतलं, माठ दोन्ही हातांनी उचलून गोल गोल फिरवला, बोटांनी बूड खरवडलं. वाटीत ओतून घेतलं तेव्हा ते जरा गढूळ दिसत होतं. तिने ते नवऱ्याच्या ओठांशी नेलं. तो हळूहळू पीत गेला.

"आता बरोबर झालं," तो म्हणाला.

वाटीत घोटभर उरलं होतं, ते तानुबाई प्यायली.